ढगांखालचं शिवार

जुलै-ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या तिरल्याचं शिवार आकाशातून फारसं दिसत नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी माळव्यावरून जातात. त्यांच्या छायाचित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ही छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात. पण पाऊस स्थिरावला की त्यांत धार जिल्ह्यावर पांढरा थर चढतो आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत मधूनमधूनच फाटतो. सोयाबीनचं सगळं भवितव्य ठरतं ते याच आठवड्यांत. रोप दोन पानांचं असतानाच खोडमाशी आत शिरते. जुलै सरता सरता चक्री भुंगा येतो, ऑगस्टात उंटअळी आणि पानं खाणारी अळी. ढग हटून चित्र स्वच्छ येतं, तेव्हा शेंगा भरत आलेल्या असतात किंवा भरायच्या राहून गेलेल्या असतात.

जमीन कशी वापरली जाते, तिच्यावर काय उभं आहे आणि त्या पिकाला कोणत्या किडीचा धोका आहे, या तीन गोष्टी एकाच नकाशावर आणाव्यात असं प्रादेशिक नियोजन करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मलाही तो नकाशा हवा आहे, आणि लवकर हवा आहे. पण तो कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यापुरता काढला, तर तिरल्याच्या शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. किडीचा नकाशा आठवड्याला शिळा होतो. तो ताजा ठेवायचा तर आकाशातला डोळा आणि बांधावर चालणारे पाय, दोन्ही लागतात. यातलं दुसरं आपण नेहमी स्वस्तातलं समजत आलो आहोत.

धारहून अहमदाबादच्या दिशेने निघालं की काही किलोमीटरवर तिरला लागतं. धार जिल्ह्याच्या तेरा विकासखंडांपैकी हा एक. वस्ती मुख्यतः भिल्ल-भिलाल्यांची. माळव्याचं सपाट काळं पठार इथे आपली कड दाखवू लागतं. या एका जिल्ह्यात तीन खोरी आहेत. उत्तरेचं पाणी चंबळेला जातं, पश्चिमेचं महीला, जिचा उगमच सरदारपूर तहसिलीत आहे, आणि विंध्याच्या कड्यावरून दक्षिणेला उतरणारं पाणी नर्मदेला मिळतं. वर पठारावर खोल काळ्या जमिनीत सोयाबीन आणि त्यामागून गहू-हरभरा. खाली निमाडात, मनावर-कुक्षीकडे, कापूस आणि मिरची. मधल्या उतारांवर, मुरमाड उथळ जमिनीत, मका आणि उडीद. जिल्ह्याची सरासरी म्हणून जो आकडा छापला जातो, तो या तिन्हींपैकी कुठल्याच शेताचा नसतो. पतंगाला मात्र या सीमा नाहीत. घाटेअळीचा पतंग एका रात्रीत कितीतरी अंतर उडून जातो आणि कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो यांत त्याला फरक करावा लागत नाही.

मराठी वाचकाला तिरल्याचं नाव आठवलंच तर ते लढाईमुळे आठवेल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, त्यात तो मारला गेला. जुन्या इतिहासांत याच घडामोडीतली एक लढाई तिरल्याच्या नावावर आहे. पुढच्या संशोधनाने रणांगण जवळच्या अमझेऱ्याला नेलं. त्यानंतर धार आणि देवास पवारांकडे आलं. देवासच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन गाद्या आणि दोघांची गावं एकमेकांत मिसळलेली. जमिनीची नोंद हा या मुलुखात पहिल्यापासून गुंतागुंतीचा मामला आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या मनातला माळवा त्या हवेचा आहे. शेताच्या अंगाने आपण तो फारसा पाहिलेला नाही.

या मुलुखाचा जमीन-वापराचा एक मोठा तक्ता दोनशे वर्षांपूर्वी छापला गेला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर सर जॉन माल्कमने महूला मुक्काम करून मध्य भारताची पाहणी केली आणि १८२३ मध्ये तिचा ग्रंथ नकाशासह प्रसिद्ध झाला. त्यात होळकरांच्या मुलुखाचा हिशेब आहे. १८१८ मध्ये ३,७०१ गावांपैकी २,०३८ नांदती होती, १,६६३ बेचिराग. मग १८१९ मध्ये २६९ गावं पुन्हा वसली, १८२० मध्ये ३४३, १८२१ मध्ये ५०८. तीन वर्षांनी ओसाड उरली ५४३. मला हा तक्ता आजच्या अनेक रंगीत नकाशांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात वर्षागणिक बदल आहे. एखादं गाव ओसाड आहे एवढंच तो सांगत नाही, कधीपर्यंत ओसाड होतं तेही सांगतो. माल्कमला त्यातून वसूल मोजायचा होता, हे उघड आहे. तरीही जमिनीकडे तारखेसकट पाहण्याची शिस्त त्यात आहे आणि किडीचा धोका मोजायला नेमकी तीच लागते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं माळव्याचं शिवार आज कुणाला दाखवलं तर ओळखू येणार नाही. पावसाळ्यात इथली बहुतेक काळी जमीन रिकामी असायची. भिजली की ही माती फुगते, चिकट होते, पाय उचलत नाही. निंदणी-कोळपणी अवघड, पाणी साचून पीक पिवळं पडतं. म्हणून चार महिने जमीन वखरून नुसती ठेवायची, पाऊस तिच्या पोटात मुरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा. या चाकोरीत शहाणपण होतं. नकाशावर ती जमीन खरिपात ‘चालू पड’ दिसली असती, पण ती निकामी नव्हती. पुढच्या पिकासाठी पाणी धरून ठेवत होती आणि खरिपात किडीला खायला काही देत नव्हती.

त्या रिकाम्या चार महिन्यांत सोयाबीन शिरलं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने साठच्या दशकात या पिकावर काम सुरू केलं. १९७० च्या सुमारास सबंध देशात सोयाबीन तीसेक हजार हेक्टरांवर होतं. आज ते एक कोटी हेक्टरांच्या पुढे आहे आणि त्याची राजधानी इंदूर. सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच १९८७ मध्ये निघालं. १९९४ मध्ये आलेल्या जेएस ३३५ या वाणाने माळव्याबरोबर विदर्भ-मराठवाडाही व्यापला. लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याला हे नाव घरच्या माणसाइतकं माहीत आहे.

पीक नवीन असतं तेव्हा त्याच्या वाट्याला किडी कमी येतात. मग ओळख होते. आज भारतात सोयाबीनवर आढळलेल्या कीटकांची यादी शेकड्यांत जाते. त्यांतले डझनभर खरं नुकसान करतात. यात गूढ काही नाही. एका जातीचं एकच पीक, सलग शेकडो किलोमीटर, एकाच पंधरवड्यात पेरलेलं आणि वर्षानुवर्षं त्याच जागी. याहून मोठं आमंत्रण कुठल्याही कीटकाला मिळालेलं नाही. आणि हे आमंत्रण जमीन-वापराच्या नकाशावर स्पष्ट वाचता येतं.

चक्री भुंग्याचंच पाहा. मादी देठावर किंवा खोडावर एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन गोल चकत्या कुरतडते आणि त्यांच्या मधोमध अंडं घालते. चकतीच्या वरचा भाग सुकतो. अळी आत पोखरत खाली सरकते. पीक पक्व होत आलं की जमिनीपासून वीतभर उंचीवर ती खोड आतून कापते आणि उरलेल्या खुंटात स्वतःला बंद करून घेते. पुढच्या पावसापर्यंत तिचा मुक्काम तिथेच. म्हणजे यंदाच्या भुंग्याचा धोका गेल्या वर्षी सोयाबीन कुठे होतं, त्याची धसकटं उन्हाळी नांगरटीत उलटली गेली की नाही आणि यंदा त्याच जागी पुन्हा सोयाबीन आहे का, यावर ठरतो. हे तिन्ही प्रश्न नकाशाचे आहेत. मागच्या पाच वर्षांचा पीकपेरा एकावर एक ठेवला आणि ज्या शेतांत सोयाबीनवर सोयाबीनच आलं ती वेगळी काढली, तर चक्री भुंग्याच्या धोक्याचा निम्मा नकाशा तयार होतो. त्यासाठी ढग आड येत नाहीत, कारण पीकपेऱ्याची नोंद जमिनीवर होते. मध्य प्रदेशात ती गिरदावरीत होते; महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः करतो. या नोंदी आज विमा, अनुदान आणि हमीभावाच्या खरेदीसाठी वापरल्या जातात. किडीसाठी त्यांचा वापर व्हायला हवा तेवढा झालेला नाही, ही माझी तक्रार.

उपग्रहाचे नकाशे आपल्याकडे भरपूर आहेत. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सुटला. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र २००४-०५ पासून दरवर्षी सबंध देशाचा जमीन-वापर काढतं; खरीप, रब्बी, दुबार पीक, चालू पड, जंगल, गवताळ, पाणी अशा वर्गांत. त्याचं प्रमाण अडीच लाखास एक, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे अडीच किलोमीटर. ज्या चित्रांवर तो बेतला, त्यांतला एक ठिपका छप्पन्न मीटरांचा, म्हणजे एकतीस गुंठ्यांचा. देशाचं चित्र म्हणून तो उत्तम आहे. पण उताराच्या अंगाला एकतीस गुंठ्यांत मक्याची पट्टी, उडदाचा तुकडा, बांधावरचा मोह आणि एक घर एवढं सगळं मावतं. ठिपक्याला रंग मात्र एकच द्यावा लागतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने मातीची खोली आणि तिची पाणी धरण्याची ताकद यांचे नकाशे दिले आहेत. ते यात मिसळले तर उथळ जमिनीवर पावसाचा खंड पडताच कुठलं पीक आधी ताणात येईल हे कळतं, आणि ताणातल्या पिकाला कीड-रोग किती जड जातात ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

ही गोष्ट या भागात शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी सांगितली होती. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती-संशोधनाची संस्था उभारली. होळकर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन दिली आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा. तिथेच त्यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. १९३१ मध्ये तिच्यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्डांच्या जोडीला यशवंत वाड या मराठी सहकाऱ्याचं नाव आहे. कीड ही मातीत आणि पिकाच्या मांडणीत काय चुकलं ते दाखवणारी खूण आहे, ती मारत बसण्यापेक्षा वाचा, असा हॉवर्डांचा आग्रह होता. त्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. दूरवरून उडत येणाऱ्या पतंगाला तुमच्या शेतातलं कंपोस्ट अडवत नाही. पण किडीकडे खूण म्हणून पाहण्याचा आग्रह आजच्या धोका-नकाशाच्या मुळाशी ठेवण्यासारखा आहे.

२०२० सालात माळव्याला आकाशातून आलेलं आणि मातीतून उगवलेलं, अशी दोन्ही संकटं भोगावी लागली. मे महिन्यात राजस्थानातून टोळधाड आली. मंदसौर-नीमचकडून शिरून उज्जैन, देवासपर्यंत पोचली. मध्य प्रदेशाने अशी धाड सत्तावीस वर्षांत पाहिली नव्हती. महिना सरायच्या आत थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत दिसले, मोर्शी-वरूड-काटोलच्या संत्रापट्ट्यात शेतकरी थाळ्या-डबे वाजवत उभे राहिले. पण या टोळांची गोष्ट सुरू झाली होती दोन वर्षं आधी, अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान या चक्रीवादळांनी तिथे पाऊस पाडला, वाळूत हिरवळ आली आणि टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना पाऊस आणि हिरवळ यांचे उपग्रह-नकाशे पाहून टोळांचा अंदाज देते. आपल्याकडे १९३९ पासून टोळ इशारा संघटना आहे, तिचं क्षेत्रीय मुख्यालय जोधपूरला. वाळवंटातली हिरवळ हाच तिथे धोक्याचा नकाशा. तिथे आभाळ निरभ्र असतं, म्हणून उपग्रह चोख काम करतो. थवा माळव्यात उतरला तेव्हा मात्र तो रात्री कोणत्या गावाच्या कोणत्या झाडांवर बसला आहे हे कळवायला माणूसच लागला, कारण फवारणी पहाटे, थवा उडायच्या आत करायची असते.

दुसरं संकट ऑगस्टमधलं. सोयाबीनची हिरवी शेतं आठ-दहा दिवसांत पिवळी पडली. लवकर येणारा जेएस ९५-६० हा वाण बऱ्याच जणांनी लावला होता. खोडमाशी, चक्री भुंगा, पावसाचा खंड, त्यावर बुरशीजन्य करपा, असे अनेक घाव एकाच वेळी बसले. शेतकऱ्याला दिसलं ते फक्त पिवळेपण. ते मोझॅक विषाणूचं, करप्याचं की खोडमाशीचं, हे ओळखायला खोड चिरून पाहावं लागतं. आकाशातून तर हे सगळे रंग एकच. खोडमाशीची अळी रोप लहान असताना आत गेलेली असते, तिच्यावर ऑगस्टात मारलेलं औषध वायाच जातं. धोक्याचा नकाशा त्या वर्षी जूनअखेरीस हवा होता. ऑगस्टअखेरीस निघाले ते नुकसानीचे नकाशे, आणि ते भरपाईच्या कामाचे असतात.

महाराष्ट्राने हा धडा बारा वर्षं आधी घेतला होता. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात तंबाखूवरील पानं खाणारी अळी आणि उंटअळी यांनी सोयाबीनची शेतंच्या शेतं फस्त केली. पुढच्याच वर्षी, २००९-१० मध्ये, राज्याने पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. लोक त्याला क्रॉपसॅप म्हणतात. दिल्लीचं राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र, राज्यातली कृषी विद्यापीठं आणि इंदूरची सोयाबीन संस्थाही त्यात होती. प्रकल्पाचा गाभा साधा होता. नेमलेला सर्वेक्षक ठरलेल्या गावांत ठरलेल्या शेतांत दर आठवड्याला जातो, ओळीचं एक मीटर अंतर धरून अळ्या मोजतो, आकडा त्याच दिवशी संगणकात जातो. एका मीटरमागे चार लहान उंटअळ्या, किंवा चक्री भुंग्याने चकती पाडलेली तीन ते पाच झाडं, ही आर्थिक नुकसानीची पातळी. ती ओलांडलेली गावं नकाशावर उमटतात, तालुक्याला सल्ला जातो, शेतकऱ्याच्या मोबाईलवर संदेश येतो. नंतर हे काम कृषी सहायकांच्या इतर पन्नास कामांत मिसळलं आणि त्याची धार कमी झाली, असं मला वाटतं. पण कल्पना पक्की होती. धोक्याचा नकाशा सोळा-सतरा वर्षांपूर्वी आपल्या राज्यात पावसाळ्यात, ढगांखाली, दर आठवड्याला निघत होता, आणि तो पायी चालून निघत होता.

या नकाशाचा उपयोग फवारा कुठे मारायचा एवढ्यापुरता नाही. कुठे मारायचा नाही हे सांगणं त्याचं मोठं काम आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कापूस डोक्याइतका वाढला होता, गुलाबी बोंडअळीची धास्ती होती आणि शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, ही रीत होती. आपल्या गावात अळी नुकसानीच्या पातळीखाली आहे हे विश्वासाने सांगणारा कुणी असता, तर त्यांतल्या किती फवारण्या टळल्या असत्या याचा विचार मनातून जात नाही.

शिवारातल्या ज्या तुकड्यांवर पीक नाही, त्यांकडेही नकाशा करणाऱ्यांनी नीट पाहायला हवं. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह निघाले, त्यांत झुडपी जमीन आणि खालावलेली चराऊ जमीन ‘पडीक’ या सदरात जाते. एकदा तो शिक्का बसला की तिथे कारखाना, सौर प्रकल्प किंवा वनीकरण यांपैकी काहीतरी आणणं हे पुण्यकर्म ठरतं. तिरल्याला लागून असलेल्या सरदारपूरच्या माळरानांवर तणमोर येतो. पावसाळ्यात उंच गवतातून उड्या मारत मादीला साद घालणारा हा पक्षी; सलीम अलींच्या पाठपुराव्याने त्याच्यासाठी १९८३ मध्ये इथे अभयारण्य झालं. २०२१ पासून तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तो खातो नाकतोडे, भुंगे, अळ्या. अभयारण्याच्या साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या हद्दीत चौदा गावं आली, तिथल्या लोकांना पिढीभर स्वतःच्या जमिनीची खरेदी-विक्री करता आली नाही, आणि पक्षीही वाढला नाही. गवत कुठे आहे आणि वस्ती-शेत कुठे आहे हे न पाहता आखलेल्या रेषेची किंमत दोघांनी मोजली. गायरान, बांधावरचं गवत, ओढ्याकाठची झुडपं इथे कोळी, गांधीलमाशा, कोतवाल, साळुंक्या राहतात. अळ्या खाणारी फौज तिथूनच सोयाबीनमध्ये येते. अर्थात झाडोऱ्याचे तोटेही आहेत. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवरच जमतात. म्हणून मला नुसता हिरवा रंग नको आहे. कुठलं झाड, कुठल्या महिन्यात, कुणाचं घर, हे नोंदलेलं हवं आहे.

देवासने गेल्या वीस वर्षांत जमिनीचा चेहरा लोकांनी मिळून बदलण्याचं एक मोठं उदाहरण दाखवलं. पावलोपावली पाणी असल्याची ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातल्या देवास शहराला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. खेड्यांत कूपनलिका खोल खोल जात कोरड्या पडल्या. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना गळ घातली की जमिनीचा थोडा हिस्सा शेततळ्याला द्या. मोठ्या शेतकऱ्यांनी आधी तळी केली, मग हजारो झाली. टोंकखुर्दकडची गावं आज उपग्रहाच्या चित्रात निळ्या तुकड्यांनी भरलेली दिसतात. जमीन-आच्छादनाच्या नकाशात इतका सुखाचा बदल मी दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. रब्बी वाढली, गव्हाला हमखास पाणी मिळालं, आटत चाललेल्या विहिरी सावरल्या.

पाणी आलं की किडीचं पंचांगही बदलतं, आणि हे नियोजनात कुणी धरत नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कन्नोद-खातेगावकडे, गव्हानंतर उन्हाळी मूग घेतला जातो. मुगावर पांढरी माशी वाढते आणि पिवळ्या मोझॅकचा विषाणू मूग आणि सोयाबीन दोघांवर जगतो. पूर्वी एप्रिल-मे-जून हे तीन महिने शिवार भाजून निघायचं आणि माशीला आसरा नसायचा. आता मूग निघतो आणि तोवर सोयाबीन पेरलं जातं. शेतकऱ्याने मूग घेऊ नये असं मी म्हणणार नाही; साठ-पासष्ट दिवसांत हाती पैसा देणारं पीक त्याने का सोडावं? पण उन्हाळी पिकाचा नकाशा मे महिन्यात, स्वच्छ आभाळात, अगदी सहज काढता येतो. मूग जिथे दाट, त्याच्या आसपास जूनमध्ये मोझॅक सोसणारा वाण द्यावा, पिवळे चिकट सापळे आधी पोचवावेत, एवढं त्यावरून ठरवता येतं. पावसाळ्यातली निम्मी लढाई अशी पावसाळ्याआधी लढता येते.

नेमक्या याच वेळी या भागाचे मोठे आराखडे आखले जात आहेत. पिथमपूरचा औद्योगिक पट्टा धार जिल्ह्यातच आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बदनावर तहसिलीत भैंसोला इथे दोन हजारांहून अधिक एकरांच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. इंदूर, उज्जैन, देवास, धार यांना एकत्र गुंफणाऱ्या महानगर प्रदेशासाठी राज्याने २०२५ मध्ये कायदा केला. या आराखड्यांत जमीन-वापराचा नकाशा हा पहिला कागद असतो, आणि शेती त्यात बहुतेकदा एकाच फिक्या रंगाने रंगवलेली असते. दुबार पीक देणारी खोल काळी जमीन आणि उतारावरची मुरमाड पट्टी एकाच रंगात गेली, की रस्ता कुठून न्यायचा याचा निर्णय सोपा होतो आणि चुकतो. वस्त्रोद्योग उद्यान आलं की जिनिंग आणि सूतगिरण्या येतील, कापूस लांबून येईल, साठेल. गुलाबी बोंडअळी सरकीच्या आत दडून जिनिंगच्या आवारात पोचते आणि आसपासच्या शेतांना वेळेआधी धरते, हे विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगच्या गावांनी अनुभवलं आहे. उद्यानाच्या आराखड्यात सांडपाण्याची व्यवस्था असते, तशीच गिरण्यांच्या आवारात कामगंध सापळ्यांची आणि सरकी वेळेत हलवण्याची अटही असायला हवी.

तंत्र आता पूर्वीपेक्षा मदतीला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह गेला. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहिली जाते. पेरणी कधी झाली, पीक किती वाढलं, शेत दलदलीचं झालं का, हे पावसाळ्यातही कळू शकतं. अळी मात्र रडारला दिसत नाही. ती पान उलटून पाहणाऱ्यालाच दिसते.

तिरला विकासखंडात एका खरिपात हे कसं चालावं, ते मला असं दिसतं. मे महिन्यात गिरदावरीतून सोयाबीनवर सोयाबीन आलेली शेतं काढायची, मातीच्या नकाशावर उथळ जमिनी चढवायच्या, आणि प्रत्येक पाच-सहा गावांमागे एक सर्वेक्षक नेमायचा. त्या गावांतलीच, भिली-माळवी बोलणारी व्यक्ती, शक्यतो दहावी-बारावी झालेल्या मुलींमधून. पगार महिन्याच्या महिन्याला, हंगाम संपेपर्यंत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणी झाली की रडारच्या चित्रावरून पेरणीच्या तारखांचे गट पाडायचे, म्हणजे कुठल्या शेतात कोणत्या आठवड्यात काय शोधायचं ते तिला कळेल. दहाव्या-बाराव्या दिवशी दहा रोपं उपटून खोड चिरायचं. महिन्याने चकत्या मोजायच्या. ऑगस्टात जाळीदार झालेली पानं, ज्यांवर लहान अळ्या घोळक्याने बसलेल्या असतात, तोडून नष्ट करायची आणि ज्या पाड्यात पातळी ओलांडली तिथलाच निरोप तिथल्याच बोलीत त्या संध्याकाळी फोनवर जायला हवा. मक्यावर लष्करी अळीसाठी हेच. ती २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि वर्षभरात इथवर आली. ऑक्टोबरात कापणी झाली की धसकटं किती शेतांत उलटली गेली आणि किती तशीच राहिली, याची नोंद त्याच मुलीने त्याच शेतांच्या क्रमांकांपुढे करायची. पुढच्या मे महिन्यातला नकाशा त्या नोंदींवरून सुरू होईल.